खोटी नोंद, खाडाखोड आणि बनावट कागद: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देण्याचं काम करताना लोक जे प्रश्न परत परत विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न जमीन, वारसा, अनुदान आणि दाखले यांचे आहेत, कारण आमच्या आठ जिल्ह्यांत खोट्या कागदाचा मार सगळ्यात जास्त तिथंच बसतो. कलमं भारतीय न्याय संहितेची दिली आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागते.

माहिती चुकीची असणं आणि ती मुद्दाम खोटी करणं, यात फरक कसा ओळखायचा?

हेतूवरून. संगणकावर नोंद चढवताना गट क्रमांक २१३ चा २३१ झाला, तर तो हस्तदोष. तोच आकडा कुणी शेजाऱ्याची विहीर आपल्याकडं यावी म्हणून फिरवला, तर तो गुन्हा. कायदा ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटीपणाने’ असे शब्द वापरतो, म्हणजे कुणाला तरी नुकसान किंवा स्वतःला गैरलाभ व्हावा हे मनात धरून केलेलं काम.

पण मनातलं कसं दिसणार, असं लोक विचारतात. वागण्यातून दिसतं. चुका सगळ्या एकाच माणसाच्या फायद्याच्या आहेत का? नोटीस बजावली असं लिहिलंय, पण ज्याचं नुकसान झालं त्यालाच ती मिळालेली नाही, असं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक दाखवून दिल्यावर समोरचा काय करतो? प्रामाणिक माणूस दुरुस्तीच्या अर्जावर लगेच सही करतो. जो टाळाटाळ करतो, ‘नोंद झाली ती झाली’ म्हणतो, त्याच्याकडं संशयानं बघायला कारण आहे.

आमच्या घरात तिघांची जन्मतारीख १ जून आहे. हा खोटेपणा धरला जाईल का?

नाही, घाबरू नका. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. घरी जन्म झाला, नोंद कुणी केली नाही, आणि पोरगं शाळेत घालायला नेल्यावर गुरुजींनी अंदाजानं वय धरून १ जून लिहिलं. तारीख खरी नाही, पण त्यात कुणाला फसवायचं नव्हतं.

गुन्हा होतो तो पुढं. नोकरी दोन वर्षं वाढावी म्हणून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पांढरी शाई लावून साल बदलणं, किंवा पोलीस भरतीत वय बसावं म्हणून दुसऱ्या शाळेची टीसी बनवून आणणं, हा बनावट दस्तऐवज आहे. राज्य सरकारी नोकरीत जन्मतारीख दुरुस्त करायची असेल, तर सेवेत आल्यापासून पाच वर्षांच्या आत रीतसर अर्ज करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर आठवलेली तारीख न्यायालयातही टिकत नाही.

बनावट दस्तऐवज म्हणजे नेमकं काय? सगळाच कागद खोटा असावा लागतो का?

अजिबात नाही. कलम ३३५ मध्ये तीन तऱ्हा सांगितल्या आहेत, आणि तिन्ही आपल्या गावांत घडतात.

पहिली, दुसऱ्याच्या नावानं कागद करणं. पुण्याला राहणाऱ्या खातेदाराच्या जागी तोतया उभा करून केलेलं खरेदीखत यात येतं. दुसरी, खऱ्या कागदात अधिकार नसताना फेरबदल करणं. तिसरी तऱ्हा लोकांना गुन्हा वाटतच नाही: ज्याला मजकूर कळत नाही अशा माणसाची सही किंवा अंगठा घेणं. दारू पाजून, फसवून, किंवा ज्याचं भान हरपलंय अशा म्हाताऱ्याकडून घेतलेला अंगठा हा खराच असतो, पण कागद कायद्यानं बनावट ठरू शकतो.

असे कागद हातात घेऊन नीट बघितले की पुष्कळदा स्वतःच बोलतात. एक बॉण्ड आठवतो. अंगठा पानाच्या मधोमध होता. वरचा मजकूर ऐसपैस, दोन ओळींत भरपूर जागा सोडून टाइप केलेला. खाली येता येता ओळी दाटत गेलेल्या, आणि शेवटच्या दोन ओळी अंगठ्याला वळसा घालून कडेनं नेलेल्या. अंगठा आधी कोऱ्या बॉण्डवर घेतला आणि मजकूर नंतर त्यात बसवला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, हे मी म्हणूनच प्रत्येकाला सांगतो. व्याजानं पैसे घेतानाही नाही, आणि सख्ख्या भावालाही नाही.

कागद खरा, सही खरी, शिक्का खरा. फक्त आत लिहिलेलं खोटं. तेही बनावटच का?

इथं गल्लत होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. तलाठ्यानं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, शेतावर न जाता पंचनामा लिहिला, तर कागद त्याचाच आहे, सही त्याचीच आहे. तो ‘बनावट दस्तऐवज’ म्हणण्यापेक्षा लोकसेवकानं मुद्दाम चुकीचा लेख तयार करणं या सदरात जातो. कुणाचं नुकसान व्हावं म्हणून केला असेल तर त्यासाठी कलम २०१ आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. खोटा दाखला देणं आणि तो खोटा आहे हे माहीत असून वापरणं, यांचीही वेगळी कलमं आहेत.

दुसरं उदाहरण खरेदीखताचं. ‘ही जमीन माझीच आहे’ असं सांगून कुणी तुमची जमीन स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच सहीनं तिसऱ्याला विकली, तर ती फसवणूक असू शकते, पण बनावट दस्तऐवज नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य या निकालात हे स्पष्ट केलं. तक्रार लिहिताना हा फरक सांभाळला नाही, तर पुढं आरोपी त्याच फटीतून सुटतो. ‘खोटा कागद केला’ एवढं मोघम लिहू नका. कोणी, कोणता कागद, त्यातली कोणती ओळ, ती खोटी कशावरून, हे लिहा.

वडिलांच्या मागं भावांनी वारस नोंद केली आणि आम्हा बहिणींची नावंच टाकली नाहीत. हे ‘राहून गेलं’ म्हणतात.

हा प्रश्न विचारणाऱ्या बायका बहुतेक वेळा एकट्या येतात आणि हळू आवाजात बोलतात. त्यांना मला सगळ्यात आधी हे सांगावंसं वाटतं की तुम्ही माहेर तोडायला निघालेल्या नाही. तुमचं नाव खोडलं गेलंय आणि तुम्ही ते परत मागताय.

वारसांच्या शपथपत्रात ‘मयतास एवढेच वारस असून इतर कोणीही वारस नाही’ असं वाक्य असतं. चार पोरांपैकी दोनच लिहून त्याखाली सही केली, तर ते राहून जाणं नसतं. बहिणीच्या लग्नात अक्षता टाकणारा भाऊ ती अस्तित्वातच नाही असं शपथेवर सांगत असतो. माहिती लपवणं हाही माहिती खोटी करण्याचाच प्रकार आहे, आणि खोटं शपथपत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला. २००५ च्या आधी वडील वारले असतील तर मुलीला काही नाही, असा समज गावोगाव पसरलेला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असणं गरजेचं नाही. आधीच रीतसर वाटण्या होऊन गेल्या असतील, तर गोष्ट वेगळी.

दुसरा प्रकार हक्कसोडपत्राचा. ‘अनुदानाच्या कागदावर सही पाहिजे’ म्हणून बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात नेतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. वर सांगितलेली तिसरी तऱ्हा ती हीच. अशा वेळी नोंदणी कार्यालयातून दस्ताची नक्कल काढा, त्या दिवशी तुम्हाला काय सांगून नेलं होतं ते तारखेसह लिहून काढा, आणि वकिलाकडं जा. दस्त रद्द करून घ्यायला तो खोटेपणा कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती वाट बघण्यात घालवू नका.

आकड्यांत खाडाखोड कशी केली जाते?

हातानं लिहिलेल्या कागदात देवनागरी आकडे फार लवकर बदलतात. १ ला थोडी रेघ ओढली की ९, २ ला पोट काढलं की ३, आणि शून्य तर कुठंही वाढतं. म्हणून रक्कम नेहमी अक्षरी लिहायची आणि शेवटी ‘फक्त’ लिहून रेघ मारायची. बदललेला आकडा उजेडासमोर धरून बघा. खरवडलेल्या जागी कागद पातळ झालेला असतो, शाई फुटलेली असते. झेरॉक्समध्ये हे काहीच दिसत नाही, म्हणूनच खोटा कागद दाखवणारा नेहमी झेरॉक्स दाखवतो. मूळ कागद किंवा अभिलेख कक्षातली प्रमाणित नक्कल मागा.

निजामाच्या काळातला म्हणून एक कागद पुढं आणलाय. तो खरा आहे का, कसं तपासायचं?

आपल्याकडची जुनी दप्तरं उर्दूत आणि मोडीत आहेत, ती वाचणारी माणसं थोडी उरली आहेत, आणि त्यामुळं ‘जुना कागद’ म्हणून काहीही पुढं करणाऱ्यांचं फावतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हापासून जुन्या कागदांना मागणी वाढली. ज्यांच्या नोंदी खऱ्या आहेत, त्यांच्याच मार्गात बनावट कागद सगळ्यात मोठा अडथळा ठरतो, कारण एक खोटी नोंद सापडली की तपासणारा शेजारच्या दहा खऱ्या नोंदींकडंही संशयानं बघतो.

काही गोष्टी साध्या नजरेनंही तपासता येतात. हैदराबाद संस्थानाच्या महसुली दप्तरात फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतं. १३४७ फसली म्हणजे १९३७–३८. कागदावर फसली आणि इसवी असे दोन्ही सन असतील आणि त्यांचा मेळ बसत नसेल, तर थांबा.

मग जिल्ह्याचं नाव बघा. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, जालना १९८१ साली, हिंगोली १९९९ साली. ‘जिल्हा लातूर’ असा शिक्का असलेला १९६५ चा कागद खरा असूच शकत नाही. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं. अंबाजोगाईचं नाव निजामी दप्तरात मोमिनाबाद असं येतं. ‘धाराशिव’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ ही जिल्ह्यांची सरकारी नावं तर अगदी अलीकडची.

क्षेत्र एकर-गुंठ्यांत आहे की हेक्टर-आरमध्ये, तेही बघा. मेट्रिक मापांचा कायदाच १९५६ चा आहे, त्यामुळं १९५० च्या कागदावर हेक्टर आलं कुठून? पत्त्यात पिनकोड असेल तर तो १९७२ नंतरचा. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० नंतरचं. बॉण्डच्या मागं मुद्रांक विक्रेत्याचं नाव, अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख असते. ती विक्रेत्याच्या नोंदवहीशी ताडून बघता येते. मागची तारीख टाकून केलेले व्यवहार बहुतेक तिथंच उघडे पडतात.

या सगळ्यातून पार पडला तरी कागद खराच आहे असं नाही. त्याची जोडी शोधावी लागते. जमिनीचा असेल तर १९५४–५५ च्या खासरा पाहणी पत्रकात काय आहे? पुढच्या फेरफारांची, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांची, साखळी सलग लागते का? इनाम जमिनींबाबत तर जास्तच जपा. देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या खिदमतमाश, म्हणजे सेवेसाठी दिलेल्या, जमिनी मधल्या एखाद्या फेरफारानं अचानक खाजगी झालेल्या दिसतात. त्या एका फेरफाराचा मूळ आदेश मागा. आदेशच नसेल, तर पुढची सगळी साखळी हवेत आहे.

पेरलं सोयाबीन, दाखवलं दुसरंच पीक. सगळेच करतात, त्यात काय मोठं?

मोठं आहे. एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपापासून सुरू झाला, आणि बीडसह काही जिल्ह्यांत दुसऱ्याच्या, सरकारी किंवा पडीक जमिनींवर विमा उतरवल्याचं उघडकीला आलं. २०२५ च्या खरिपात ती योजना बंद झाली. खोटे अर्ज भरणारे वेगळे, आणि आता पुन्हा हप्ता भरावा लागतोय तो खऱ्या शेतकऱ्याला. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचं कारण मला दिसत नाही.

अनुदानाचंही तेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनामे होतात. जालना जिल्ह्यात अनुदानाच्या याद्यांमध्ये बोगस नावं घुसवल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तुमच्या शेतावर कुणी दुसऱ्यानं अर्ज भरलाय का, हे दर हंगामात बघत जा, आणि ई-पीक पाहणी स्वतःच्या फोनवरून, स्वतः बांधावर उभं राहून करा. गावातल्या पोराला ओटीपी देऊन करून घेऊ नका.

खोट्या जातीच्या दाखल्यावर लागलेली नोकरी वीस वर्षं झाल्यावरही जाते का?

जाते. राज्याचा २००० सालचा जात प्रमाणपत्र अधिनियम तसं सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१७ मध्ये एफसीआय (भारतीय अन्न महामंडळ) विरुद्ध जगदीश बहिरा या निकालात सांगितलं की अशी नोकरी किंवा प्रवेश दया दाखवून टिकवता येणार नाही. त्या जागेवर बसायला हवं होतं, ते पोर कुठंतरी ऊसतोडीला गेलेलं असतं.

दाखला एजंटानं काढून दिला. बनावट आहे हे मला माहीत नव्हतं. मीही गुन्हेगार का?

खरोखर माहीत नसेल, तर नाही. कलम ३४० म्हणतं की कागद बनावट आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून जो तो खरा म्हणून वापरतो, त्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. ‘मानायला कारण असून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो दाखला मिळायला महिना लागतो, तो संध्याकाळपर्यंत हातात आला, पावती नाही, अर्ज क्रमांक नाही, पैसे मात्र तिप्पट घेतले. मग न्यायालय विचारणारच की तुम्हाला शंका कशी आली नाही. फसवलं गेल्याचं कळल्याबरोबर तो कागद वापरणं थांबवा आणि स्वतःहून लेखी कळवा.

शिक्षा किती होते?

साध्या बनावटीकरणाला दोन वर्षांपर्यंत. फसवणुकीसाठी केलं तर सात. न्यायालयाचा अभिलेख, जन्म-मृत्यूची नोंदवही, आधार किंवा मतदार ओळखपत्र यांना हात लावला तर सात वर्षांपर्यंत. मृत्युपत्र किंवा खरेदीखतासारखा मौल्यवान दस्त असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. पतसंस्था, सोसायटी किंवा बचत गटाचे हिशेब तिथल्याच कारकुनानं किंवा नोकरानं खोटे केले, तर कलम ३४४ खाली सात वर्षांपर्यंत.

व्हॉट्सअॅपवर आलेला जीआर खरा आहे का, कसं कळणार?

शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर टाकून बघा. सापडला नाही, तर पुढं पाठवू नका.

माझ्या सातबाऱ्यावर परक्याचं नाव लागलंय. आज काय करू?

आधी कागद गोळा करा, भांडण नंतर. त्या फेरफाराची गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची, नक्कल, ज्या दस्तावर तो झाला त्याची नक्कल, आणि नोटीस बजावल्याचा पुरावा, एवढं मागा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा.

फेरफार अजून मंजूर झाला नसेल, तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की प्रकरण तक्रारीचं होतं आणि सुनावणी घ्यावी लागते. मंजूर झाला असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील. मुदत साठ दिवस. उशीर झाला असेल, तर कळलं कधी ते सांगून विलंब माफीचा अर्ज जोडा. महसूल संहितेचं कलम १५५ फक्त लेखनातल्या चुकीसाठी आहे. त्याच्या आडून मालकाचंच नाव बदललं असेल, तर तोच मुद्दा अपिलात पहिला घ्या.

एक दिलासा असा की सातबारा म्हणजे मालकी नव्हे. कलम १५७ प्रमाणं नोंद खरी मानतात, पण ती उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा निवाडा शेवटी दिवाणी न्यायालयात होतो.

पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडं टपालानं पाठवा. तरीही हाललं नाही, तर दंडाधिकाऱ्याकडं जाता येतं. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, पोलिसांना दिला तर पंचनामा करूनच द्या. सही-अंगठ्याची तपासणी मूळ कागदावरच होते.

आमच्याच नोंदवहीत चूक झाली, तर ती दुरुस्त कशी करायची म्हणजे खाडाखोड वाटणार नाही?

चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. वर बरोबर मजकूर, बाजूला सही आणि तारीख. पांढरी शाई नाही, खरवडणं नाही, पान फाडणं तर नाहीच. ग्रामसभेच्या इतिवृत्तात पुढच्या सभेत दुरुस्ती मांडून मंजूर करून घ्या.

भावावर गुन्हा दाखल झाला, आता घरात समेट झालाय. तक्रार मागं घेता येते का?

बनावटीकरणाचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. मात्र वाद घरगुती असेल आणि सगळ्यांची खरी संमती असेल, तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज करता येतो, आणि न्यायालय प्रकरण बघून ठरवतं. दबावाखाली हो म्हणू नका. समेट झालाच तर तो लेखी करा, खोटी नोंद कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करून देणार हे त्यात लिहून घ्या, आणि दुरुस्त झालेला डिजिटल सहीचा सातबारा हातात आल्याशिवाय संमतीच्या शपथपत्रावर सही करू नका.